जाड बॅटरीच्या वहिनी

फोन उचलला की माणसं 'हॅलो' म्हणतात. जुनी माणसं 'कोण बोलतंय' म्हणतात. आमच्या वहिनी 'बॅटरी किती?' असं विचारायच्या. समोरचा ड्रायव्हर नागपूरच्या पुढे जेवायला थांबलेला असो की कळंबोलीच्या सर्कलला येऊन उभा राहिलेला असो, आधी बॅटरी. मग गाडी कुठे आहे, माल भिजला का, जेवलास का, हे बाकीचं. एकदा आमच्या शेठनी घरून फोन केला, तेव्हाही वहिनींनी सवयीने तेच विचारलं. शेठ गडबडून 'बासष्ट' म्हणाले आणि कशासाठी फोन केला होता तेच विसरून गेले.

वहिनींचा स्वतःचा फोन बघण्यासारखा होता. मूळचा साधाच, टचस्क्रीनचा, पण पाठीला दुप्पट ताकदीची जाड बॅटरी आणि तिच्यावर बसणारं फुगीर झाकण. टेबलावर ठेवला की सपाट बसायचा नाही, होडीसारखा डुलायचा. व्हायब्रेटवर असताना फोन आला तर जागच्या जागी गिरकी घ्यायचा. आमच्या सगळ्या ड्रायव्हरांकडे असेच फोन होते, आणि ते शर्टाच्या खिशात ठेवले की खिसा छातीवरून खाली ओघळायचा. यार्डातले बाकीचे लोक त्याला 'गाभण फोन' म्हणायचे. वहिनींच्या कानावर ते आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "गाभन तर गाभन. वांझोट्या फोनाचा काय लोनचा घालाचा?"

मी बी.कॉम. झाल्यावर लागलेली ही माझी पहिली नोकरी. आम्ही सानपाड्याला राहायचो. आमच्या सोसायटीतल्या मुली बेलापूरला, अंधेरीला, एसी ऑफिसांत लागल्या होत्या. मी लोखंड बाजारामागच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलं करायला लागले. आईला ते अजिबात पसंत नव्हतं. 'ट्रकवाल्यांत एकटी मुलगी,' असं ती दिवसातून दोनदा म्हणायची. मग एका शनिवारी ती माझा डबा द्यायच्या निमित्ताने स्वतःच येऊन पाहून गेली. वहिनींनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "ताई, ही जागा मानसांची हाय. घान हाय, पन मानसांची हाय." आई घरी जाऊन बाबांना म्हणाली, "राहू दे तिला तिथे."

वहिनी मूळच्या इथल्याच, तळोज्याच्या पुढे खाडीच्या काठाला असलेल्या आगरी गावातल्या. त्यांचे यजमान याच कंपनीत ट्रेलर चालवायचे. सगळे त्यांना दादूस म्हणत. दादूस म्हणजे थोरला भाऊ, आणि मग त्यांची बायको आपोआप सगळ्यांची वहिनी. दादूसचा एक पाय अपघातात गुडघ्याखालून गेला, गाडी सुटली, तेव्हा शेठनी वहिनींना ऑफिसात घेतलं. सुरुवातीला फोन घ्यायला. वर्षभरात कोणती गाडी कुठे पाठवायची, कोणाला घाटाच्या रस्त्याला द्यायचं नाही, कोणाच्या घरी बाळंतपण आहे म्हणून त्याला लांबचा माल द्यायचा नाही, हे सगळं त्यांच्याकडे आलं. शेठ वाशीला राहायचे, अधूनमधून यायचे आणि आले तरी वहिनींच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर पाहुण्यासारखे बसायचे.

जाड बॅटऱ्यांचं वेड त्यांनीच कंपनीत आणलं. पनवेलला सलीमभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. सलीमभाई श्रीवर्धनकडचे, बोलायला गोड आणि कामाला सावकाश. कुठल्याही फोनची जाड बॅटरी आणि तिचं झाकण ते कुठून कुठून मागवून आणायचे. वहिनींचा नियम होता, 'जाड बॅटरी नाय तर चावी नाय.' नवीन ड्रायव्हर लागला की त्याचं लायसन्स शेठ बघायचे, फोन वहिनी बघायच्या. त्याचं मॉडेल सलीमभाईंना कळवायचं, बॅटरी येईपर्यंत त्या माणसाने यार्डातच गाड्या मागेपुढे करायच्या. मला वाटायचं, एवढं काय त्यात. चार्जर नसतो का गाडीत? एकदा मी तसं म्हणालेसुद्धा. "हाय की," वहिनी म्हणाल्या. "गाडी चालू हाय तवर चार्जर हाय. मना गाडी बंद पडल्यावरचा सांग."

त्या नियमाला सगळ्यात जास्त विरोध केला तो महादूने. बीडकडचा पोरगेला ड्रायव्हर, नुकताच लागलेला, नुकतंच लग्न ठरलेला. त्याच्याकडे पातळ, चकचकीत, कडेला सोनेरी पट्टी असलेला फोन होता आणि तो त्याने जिवापाड जपला होता. त्याला मागे कुबड बसवायचं म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं.

"वहिनी, सगळी शोभाच जाईल की ओ त्याची."

"फोन दाखवाला घेतलायस का बोलाला?"

"दोन्हीला," महादू प्रामाणिकपणे म्हणाला.

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. पण चावी दिली नाही. शेवटी महादूने एरंडेल घेतल्यासारखा चेहरा करून बॅटरी बसवून घेतली. जुनी बॅटरी आणि सोनेरी पट्टीचं पातळ झाकण त्याने रुमालात गुंडाळून गाडीच्या खणात ठेवलं. गावाकडे, होणाऱ्या सासुरवाडीला जाताना ते परत लावायचा. हे वहिनींना माहीत होतं. त्या म्हणायच्या, "लावू दे. सासरी जाताना मानूस दात बी घासून जातो."

बॅटऱ्यांची तपासणी दर सोमवारी व्हायची. जो ड्रायव्हर यार्डात असेल त्याने फोन उघडून बॅटरी वहिनींच्या टेबलावरच्या काचेवर ठेवायची. वहिनी तिला एका बोटाने टिचकी मारायच्या. बॅटरी जागेवर राहिली तर ठीक. भोवऱ्यासारखी फिरली तर तिचं पोट सुटलंय, आत फुगलीय, ती गेली. "फिरली," एवढाच निकाल. ड्रायव्हर लोक ही तपासणी बघायला घोळका करून उभे राहायचे आणि कोणाची फिरली की ओरडायचे. बाद झालेल्या बॅटऱ्या वहिनी दाराबाहेरच्या वाळूच्या बादलीत पुरायच्या आणि महिन्याच्या शेवटी सलीमभाईंकडे परत पाठवायच्या, कचऱ्यात कधी टाकू द्यायच्या नाहीत.

एकदा शेठनी स्वतःच्या अकलेने एक पेटी भरून बॅटऱ्या आणल्या. मुंबईतला कोणी व्यापारी भेटला होता. सलीमभाईंपेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि प्रत्येक बॅटरीवर छापलेला आकडा सलीमभाईंच्या बॅटरीच्या दुप्पट. शेठ खुशीत होते. वहिनींनी एक उचलली, हातावर तोलली आणि परत ठेवली. "आकडा मोठा हाय, वजन नाय," त्या म्हणाल्या. शेठ म्हणाले, "वहिनी, छापलंय ना कंपनीने!" "छापाला काय जातंय? माज्या कपालावर बी राजयोग लिवलाय असा जोशी बोल्ला होता."

तरी शेठ मालक, त्यांच्या शब्दाखातर दोनचार जणांनी त्या लावल्या. आठवडाभरात एका ड्रायव्हरच्या खिशात फोन तापला. त्याने वेळेवर उपसून फेकला म्हणून थोडक्यात निभावलं, शर्ट जळला आणि छातीवर बशीएवढा लाल डाग उठला. वहिनींनी त्याला डॉक्टरकडे पाठवलं, त्या सगळ्या बॅटऱ्या काढून घेतल्या आणि शेठ येईपर्यंत पेटी त्यांच्या खुर्चीवर ठेवून दिली. शेठ आल्यावर त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "आजची रात ही पेटी उशाला घेऊन झोपा. सकाली आपन बोलू." शेठनी पेटी उचलली, गाडीत ठेवली आणि त्याच पावली व्यापाऱ्याला परत करायला गेले. त्यानंतर बॅटरीच्या बाबतीत त्यांनी कधी तोंड घातलं नाही.

हे वेड आलं कुठून ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि तेही दादूसकडून. दादूस रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायचे. खोटा पाय आणि काठी, पण चालणं ऐटीत. वहिनी जेवेपर्यंत दारातल्या बाकावर बसून ड्रायव्हरांशी गप्पा मारायचे. एकदा मी सहज विचारलं, "दादूस, वहिनींना बॅटरीची एवढी काळजी का हो?"

"तुना नाय सांगितला तिनी?" दादूस म्हणाले. वहिनी आत डबा धूत होत्या, त्यांना सगळं ऐकू जात होतं. "अग, आमी भांडत होतो. फ्रिजवरशी. ही बोलं डबल डोअर घेवाचा, मी बोलं सिंगल डोअर पुरं. मी तिकडं रस्त्याच्या कडंला टायर पंचर होऊन बसलेला, ही घरशी फोनवर. तास झाला असंल. मी एक बोलाचा, ही चार बोलाची. मग फोन मेला. मना वाटला, बरा झाला, जरा शांत. म्हनून जॅक लावाला घेतला."

जॅक सरकला होता. चाकाखाली पाय आला. खिशातून फोन काढला तर तो काळा. आड वाट होती, कोणी आलं नाही. पहाटे दुधाचा टेम्पो आला तेव्हा सुटका झाली.

"डॉक्टर बोल्ला," दादूस सांगत होते, "लवकर आनला असता तरी पाय वाचला असता का नाय, सांगता येत नाय. बस. तवापासून ही त्या 'सांगता येत नाय'ला धरून बसली हाय. मी शंबर वेला बोल्लो, अग, गेलाच असता. माझा पाय, मना म्हायती नाय?"

 काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग फ्रिज कुठला घेतलात?"

"डबल डोअर!" दादूस मोठ्याने हसले. "हास्पिटलमधशी आलो नि पयला तो घेतला. पाय गेला तर गेला, भांडन कशाला चालू ठेवाचा?"

आतून वहिनींचा आवाज आला, "बाय, त्यांचा ऐकू नको. बिलं कर." आवाज नेहमीसारखाच होता. पण त्या बाहेर आल्या तेव्हा दादूसच्या शर्टाची वळलेली कॉलर त्यांनी येता येता सरळ केली, आणि दादूसही मान जरा पुढे करून थांबले.

पुढच्याच पावसाळ्यात, पाऊस ओसरत आलेला असताना, महादूची गाडी सळया घेऊन म्हसळ्याच्या बाजूला गेली. आत कुठेतरी छोट्या पुलाचं काम चालू होतं. सकाळी पोचायला हवी होती. दुपारी साइटवरून फोन आला की गाडी आलेली नाही. वहिनींनी ऑफिसच्या फोनवरून महादूला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्या नंबर दाबणार, तेवढ्यात त्यांचाच फोन टेबलावर फिरायला लागला. त्यांनी तो उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"बॅटरी किती?"

"निम्मी हाय, वहिनी." महादूचा आवाज लांबून, फाटका येत होता. "गाडी खाली गेली ओ. कडा ढासळली. झाडाला अडकलीय. पाय निघंना माझा."

"रगत येतंय?"

"थोडं. सळया पुढं आल्यात केबिनला. हलवंना."

"पानी हाय?"

"बाटली हाय."

"कुठं हायस?"

ते मात्र त्याला सांगता येत नव्हतं. एक फाटा चुकला होता, मग मागे वळायला जागा मिळाली नाही म्हणून तो पुढे जात राहिला होता. आजूबाजूला झाडी, वर रस्ता, आणि रस्त्याने दिवसभरात कोणी गेलेलं नाही. सकाळपासून तो फोन लावत होता, मधेच रेंज यायची, मधेच जायची.

वहिनींनी डोळे मिटले, उघडले. "ऐक, महादू. हातात घड्याल हाय ना? फोन बंद करून ठेव. मोठा काटा बारावर आला का चालू कराचा. मी फोन करंन. आपन दोन शब्द बोलू. मग परत बंद. मधी चालू कराचा नाय. घरी फोन कराचा नाय. मी घरी सांगतंय."

"वहिनी, ठिवू नका फोन," महादू म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "लई एकटं वाटतंय ओ."

वहिनींचा हात टेबलाच्या काचेवर सपाट पडलेला होता.  "कलतंय मना. ठेवतंय मी. तू बी ठेव." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी रडायला लागले होते. मी म्हटलं, "वहिनी, त्याच्याशी बोलत राहू या ना. त्याला धीर येईल."

"कोनाला?" वहिनी म्हणाल्या. रागाने नव्हे, थकल्यासारख्या. "बोललो का आपल्याला बरा वाटतो, बाय. बॅटरी त्याची जाते."

मग त्यांनी एकामागून एक फोन लावले. साइटवर, पोलीस चौकीत आणि सलीमभाईंना. सलीमभाईंचे निम्मे नातेवाईक त्या बाजूला. त्यांचा मेहुणा म्हसळ्यालाच राहायचा आणि त्याच्याकडे जीप होती. सावकाश म्हणून प्रसिद्ध असलेल्या सलीमभाईंनी मेहुण्याला आणि त्याच्या चार मित्रांना अर्ध्या तासात रस्त्यावर काढलं. पण रस्ते पाच, झाडी दाट आणि वरून खाली काही दिसत नाही. त्यांनी शोधायचं कुठे?

तेव्हा वहिनींनी मला विचारलं, "गाडीचा हारन वाजंल का ग? विंजिन बंद हाय, पन गाडीची बॅटरी?" मला कुठलं माहीत. त्यांनी बाहेर डोकावून दादूसना विचारलं. दादूस डबा घेऊन आले होते, सगळं ऐकून दारातच उभे राहिले होते, आत आले नव्हते. "वायर तुटली नसंल तर वाजंल," ते म्हणाले.

पुढच्या तासाला महादूचा फोन चालू झाला तेव्हा वहिनींनी त्याला एवढंच विचारलं, "हारन वाजतो का?" त्याने वाजवला. फोनमधून तो आम्हाला ऐकू आला. बारीक, पण वाजत होता. "शाबास. आता दर वेली मी फोन केला का हारन दाबून धराचा. मी 'पुरे' बोलंन तवर." आणि फोन बंद.

मग असं ठरलं, की तासाच्या ठोक्याला जीपने एका वळणावर थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि कान द्यायचा. वहिनी एका फोनवर महादूला सांगणार, माझ्या फोनवर सलीमभाईंचा मेहुणा असणार. पहिल्या वेळी त्याला काही ऐकू आलं नाही. वहिनी महादूला म्हणाल्या, "पुरे. येतायत. ठेव." दुसऱ्या वेळीही काही नाही. महादू म्हणाला, "वहिनी, बॅटरी—" त्या म्हणाल्या, "पुरेल. ती जाड हाय. ठेव."

 त्या मधल्या तासांत वहिनींनी ऑफिसातले चहाचे सगळे ग्लास धुतले, पुसले, उपडे घातले आणि पुन्हा धुवायला घेतले. महादूच्या घरी, बीडला, त्यांनी फोन केला होता, त्यालाही दोनच वाक्यं. दादूस बाकावर बसून होते, चहा न पिता. बाहेर ड्रायव्हर जमले होते, पण त्या दिवशी यार्डात कोणी हॉर्न वाजवला नाही.

उन्हं कलली तेव्हा जीप एका ओढ्याच्या वळणावर थांबली. वहिनींनी फोन लावला. "दाब." माझ्या कानाला लावलेल्या फोनमध्ये आधी नुसता वारा, मग माणसांचा गलका, आणि सलीमभाईंचा मेहुणा ओरडला, "येतंय! खालून येतंय!"

मी वहिनींना हाताने खूण केली. त्यांनी महादूला सांगितलं, "पुरे. आयकला त्यांनी. आता फोन चालूच ठेव, ते लावतील, बोल त्यांच्याशी, काय बोलाचा ते बोल." आणि आपण मात्र फोन ठेवला.

अंधार पडायच्या आत त्याला वर काढलं. घोट्याचं हाड मोडलं होतं, बाकी शाबूत. तो निरोप आल्यावर बाहेर एकच आरडाओरडा झाला. वहिनी उठून बाहेर गेल्या आणि दादूसच्या शेजारी बाकावर बसल्या.

"मिलाला," त्या म्हणाल्या.

"तू जास्त बोलली नाय?" दादूसनी विचारलं.

"नाय."

दादूसनी आपला चहाचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. दुपारचा, साय धरलेला, गार चहा. वहिनींनी तो तसाच पिऊन टाकला.

महादू बरा झाला, पण पुन्हा गाडीवर आला नाही. गावाकडेच राहिला, लग्न झालं, कसलंसं दुकान घातलं असं इतर ड्रायव्हरांकडून कळायचं. त्याने वहिनींना फोन मात्र केला नाही. एकदाही नाही. मला त्याचा राग यायचा. मी म्हणायचे, "वहिनी, निदान दिवाळीला तरी?" त्या म्हणायच्या, "नाय ग. त्याला माझा आवाज आयकला का ती जागा आठवत असंल. आपन कशाला आठवन करून देवाची? फोन येत नाय म्हंजे बरा हाय."

मग हळूहळू दिवस बदलले. नवे फोन यायला लागले, ज्यांची पाठ उघडतच नाही. बॅटरी आतच डकवलेली. सलीमभाईंनी दुकानातली जाड बॅटऱ्यांची पाटी काढून काचा आणि कव्हरं विकायला घेतली. शेठच्या मुलाने प्रत्येक गाडीला ट्रॅकर लावला आणि वहिनींच्या टेबलावर मोठा स्क्रीन आणून बसवला. नकाशावर गाड्यांचे हिरवे ठिपके सरकायचे. मला वाटलं होतं, वहिनी कुरकुरतील. त्या अजिबात कुरकुरल्या नाहीत. दोन दिवसांत सगळं शिकल्या. "चांगला हाय," म्हणाल्या. "त्या दिवशी हा असता तर एवढी शोधाशोध झाली नसती." फक्त एकदा, ठिपक्यांकडे बराच वेळ बघून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "गाडी कुठं हाय ता कलतं. मानूस कसा हाय ता नाय कलत." आणि त्या फोन करतच राहिल्या.

मी नंतर बेलापूरला दुसरी नोकरी धरली. पुढे दोनेक वर्षांनी वहिनीही ऑफिस सोडून घरी बसल्या. सणावाराला मी त्यांच्या गावी जायचे. ओटीवर चटईवर बसून आम्ही बोलायचो. त्या म्हणजे अशा बाई की आपण बोलत असलो की हातातलं काम खाली ठेवायच्या. दादूस मधेच काहीतरी चावट बोलायचे, वहिनी 'गप' म्हणायच्या. यंदा मार्गशीर्षात, सकाळी पूजेची फुलं काढताना, त्या अंगणात बसल्या आणि तशाच गेल्या. आजार नाही, दवाखाना नाही. मला दादूसचा फोन आला. एवढंच म्हणाले, "बाय, वहिनी गेली."

दहाव्याला मी गेले. गावाच्या रस्त्यावर मोठ्या गाड्या येत नाहीत, म्हणून ड्रायव्हर लोकांनी त्या हायवेला उभ्या केल्या होत्या आणि चालत आले होते. सलीमभाई आले होते, शेठ आले होते. दादूस ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. लोक यायचे, नमस्कार करायचे, दोन शब्द बोलायचे, आणि दादूस नुसती मान हलवायचे. सकाळपासून ते कोणाशीच बोलले नव्हते.

दुपारी अंगणात एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर मूल. माणूस किंचित लंगडत होता, अंगाने भरला होता, केस विरळ झाले होते. मी आधी ओळखलं नाही. तो ओटीखाली चपला काढून दादूससमोर येऊन उभा राहिला. दादूसनीही ओळखलं नाही.

"मी महादू," तो म्हणाला. "म्हसळ्याला खाली गेलो होतो, तो."

दादूसनी काठीवर हात टेकून मान वर केली.

"यायला पाहिजे होतं आधी. फोन करायला पाहिजे होता. रोज वाटायचं. पण काय बोलावं कळायचं नाही." महादू म्हणाला, "त्या दिवशी मला लई बोलायचं होतं ओ वहिनींशी. त्यांनी बोलूच दिलं नाही."

दादूसच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. त्यांनी काठी बाजूला केली, खोटा पाय हाताने उचलून आत ओढला आणि चटईवर जागा केली.

"बस," ते म्हणाले. "आता बोल. मी हाय."

महादू बसला. सुरुवातीला जरा अडखळला, मग बोलायला लागला. दुकानाचं, बायकोचं, मुलीच्या नावाचं, झाडाला अडकलेल्या गाडीत त्याला काय काय दिसत होतं त्याचं. दादूस मधे मधे 'मग?' म्हणत होते. त्याच्या बायकोने मुलीला माझ्याकडे दिलं आणि ती आत बायकांना मदत करायला गेली. संध्याकाळी मी निघाले तेव्हाही महादू बोलतच होता.